चाकूला चढलेलं पाणी

काटोलकडच्या बागांमध्ये संत्र्याची सल काढतात तेव्हा वाळक्या काड्यांबरोबर काही ओल्या फांद्याही खाली येतात. बांधावर त्यांचा ढीग लागतो आणि बहुतेक सगळा चुलीत जातो. त्यातली मनगटाएवढी एखादी ओली फांदी उचलून घरी आणा. संत्र्याचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट आणि बारीक रेषांचं असतं. चमचा, मूठ, छोटा बैल अशा कोरीव कामाला ते फार चांगलं.

आता या फांदीवर दोन चाकू चालवून पाहा. एक बाजारातला चकचकीत, वीतभर पात्याचा. दुसरा लोहाराकडून करून घेतलेला, काळपट, जेमतेम दहा सेंटीमीटर पात्याचा. पहिला लाकडावरून घसरतो, नाहीतर एकदम खोल घुसून अडकतो. दुसरा लाकडाला टेकतो आणि पुढे सरकतो. त्याच्यामागे गुंडाळी होत जाणारी एकसंध ढलपी निघते, कागदाइतकी पातळ. लाकडावर राहिलेली जागा हाताला गुळगुळीत लागते, पॉलिश पेपरची गरजच उरत नाही. हा फरक चकाकीचा नाही आणि किमतीचाही नाही. तो दोन गोष्टींचा आहे: पात्याला पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून एकदम विझवून ते कडक कसं केलं, आणि धारेचा कोन किती ठेवला.

आधी पाण्याचं पाहू. नागपूरजवळच्या वाडीच्या बाजूला ट्रकची कामं चालतात, त्यामुळे कमानीचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचे, जुने पाटे सहज मिळतात. लोहाराला हा माल आवडतो आणि त्यामागे कारण आहे. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. ती कितीही तापवून पाण्यात बुडवली तरी चाकूच्या धारेइतकी कडक होत नाही. कमानीच्या पोलादात कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मध्ये असतो आणि सोबत थोडं मँगनीजही. हे मँगनीज नागपूरकरांच्या ओळखीचं आहे, रामटेकच्या वाटेवर मनसरला त्याच्याच खाणी आहेत. पोलादात त्याचं काम असं, की तापलेलं पातं जरा सावकाश थंड झालं तरी ते कडक व्हायला वेळ मिळतो. म्हणून असं पातं पाण्याऐवजी तेलात विझवता येतं. पाण्यात ते इतक्या झपाट्याने आकसतं की तडकण्याची भीती असते. सानेवर धरून ठिणग्या पाहिल्या तरी पोलादाची जात कळते. कार्बन जास्त असेल तर प्रत्येक ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते, सळईची ठिणगी लांब सरळ रेघ काढून विझते.

मी ज्यांच्याकडे बसून हे पाहिलं ते लोहारबाबा भट्टीच्या तोंडावर पोत्याचा पडदा लावून ठेवतात. नागपूरच्या दुपारच्या उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग नजरेला फसवतो, सावलीत तो खरा दिसतो. पातं लालभडक झालं की ते तारेला बांधलेलं लोहचुंबक त्याला लावून बघतात. मी दोनदा विचारलं, झालं का? "काहून घाई करून राह्यला भाऊ? चुंबक अजून धरून राह्यलं ना." मग एका क्षणी चुंबक चिकटेना. लोखंड ७७० अंश सेल्सियसला आपलं चुंबकत्व सोडतं. बाबांच्या भट्टीत तापमापक नाही, पण निसर्गाने दिलेली ही खूण तापमापकाइतकीच पक्की आहे. तिथून रंग आणखी थोडा उजळू दिला, की पातं तेलात.

त्या काही सेकंदांत आत काय होतं? लोखंडाचे अणू एका ठरावीक जाळीत रचलेले असतात. तापल्यावर ही जाळी बदलते आणि नव्या रचनेत कार्बनच्या अणूंना शिरायला जागा होते. सावकाश थंड होऊ दिलं तर जाळी पुन्हा पहिल्यासारखी होते आणि कार्बन आरामात बाहेर पडतो. पोलाद मऊ राहतं. पण एकदम थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, जाळी ताणली जाते आणि अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरता येत नाही. या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. आपण 'पाणी चढलं' म्हणतो ते हेच. कानस फिरवली तर काचेवरून घसरावी तशी घसरते.

पण असं पातं काचेसारखंच ठिसूळही असतं आणि इथे खरा धीर लागतो. मी पहिल्यांदा चाकू करून घेतला, तो एका वेगळ्या ठिकाणी, घाईत. विझवला आणि तसाच मूठ बसवून हातात दिला. बाभळीच्या गाठीवर पहिल्याच दिवशी धारेचा तांदळाएवढा तुकडा उडाला. चूक लोखंडाची नव्हती, नंतरचा शेक राहून गेला होता. विझवलेलं पातं २०० अंशांच्या आसपास दोनेक तास शेकलं, की अडकलेल्या कार्बनपैकी थोडा मोकळा होतो. कडकपणा जरासा उतरतो आणि चिवटपणा येतो. घरच्या केक भाजायच्या ओव्हनमध्येही हे होतं. पातं आधी घासून पांढरं केलेलं असेल तर शेकताना त्यावर फिकट गवती सोनेरी रंग चढतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. सोनेरी, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा. लाकडाच्या चाकूची धार सोनेरीवर थांबवावी. धार निळी झाली तर ती स्प्रिंगसारखी चिवट होते, पण लवकर बोथटते.

म्हणून हातचा चाकू घेताना मी लोहाराला सगळ्यात आधी विचारतो की विझवल्यावर शेकला का, किती वेळ. शिवाय एक सोपी परीक्षा घेतो. पेन्सिलएवढी पितळी सळई घ्यायची आणि धार तिच्यावर बेताने तिरपी दाबून सरकवायची. उजेडात पाहिलं तर धार किंचित लवताना दिसते. लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. लवलेलीच राहिली तर पातं मऊ आहे, कपची उडाली तर शेक कमी पडला. जुन्या पाट्याबाबत एक सावधगिरी: वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. कारखान्याबाहेर निघालेला कोरा तुकडा मिळाला तर तो केव्हाही बरा.

ही विद्या या भागात नवी नाही. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंडला शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केलं, तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांतही, म्हणजे भोवती दगडांचं कडं रचलेल्या प्राचीन दफनांतही, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर मिळाले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी इथलं कोणी तरी भात्यापुढे बसून तापल्या लोखंडाचा रंग निरखत होतं. मला हे आठवलं की भट्टीपुढे बसायला वेगळीच गंमत वाटते.

आता कोन. पाचर जितकी निमुळती तितकी ती सहज शिरते आणि तितकीच लवकर मोडतेही. भाजीच्या सुरीचं पातं पातळ असतं, ते लाकडाच्या गाठीवर वाकतं. कोयत्याचा कोन जाड, तो तोडतो पण सोलत नाही. लाकूडकामाला तीनेक मिलिमीटर जाडीचं पातं आणि दोन्ही बाजू मिळून चोवीसेक अंशांचा कोन चांगला बसतो. त्यातही उतार एकच, सपाट आणि थेट धारेपर्यंत असावा. हिशेब केला तर हा उतार सात मिलिमीटर रुंद येतो. ही सपाट पट्टी रंध्याच्या बुडासारखी लाकडावर टेकते आणि कापाची खोली हातात राहते. तुमचं मनगट रेसभर उचललं तर ढलपी जाड, टेकवलं तर पातळ. पुन्हा धार लावतानाही हीच पट्टी दगडावर टेकवायची, कोनाचा अंदाज बांधायला नको.

धारेची ताकद किती असते ते आकड्यात पाहण्यासारखं आहे. पाच सेंटीमीटर धारेवर तुम्ही दोन किलोचा जोर दिला आणि धारेचं टोक एक मायक्रॉन रुंद असेल, तर तिथला दाब दर चौरस सेंटीमीटरला ४,००० किलो होतो. तेच टोक बोथटून दहा मायक्रॉन झालं की दाब ४०० वर येतो. मग माणूस जोर वाढवतो आणि जोर वाढला की चाकू निसटून हातात शिरतो. बोथट चाकू जास्त कापतो, असं सुतार म्हणतात ते यासाठीच.

मोठ्या पात्याचा मोह बहुतेकांना होतो, मलाही झाला होता. पण बारीक काम धारेच्या मुठीजवळच्या भागाने होतं, लांब पात्याचं टोक नुसतं डुलत राहतं. पातं तळहाताच्या रुंदीएवढं, मूठ अंडाकृती आणि तळहात भरेल इतकी. मुठीवर बोटांच्या खाचा नकोत, कारण कोरताना पकड सतत बदलावी लागते. पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं. मुठीला जवसाचं तेल पाजावं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाचा बोळा कधीही गुंडाळून फेकू नका. ऊन असलेल्या गच्चीवर तो आपोआप पेटू शकतो. मोकळा पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

कायद्याचंही इथेच सांगतो. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचा नसलेला, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र परवान्याच्या कक्षेत येतो. आपला चार इंची चाकू त्यात बसत नाही. पण अभयारण्याचा नियम वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चाकूचा समावेश शस्त्रांत होतो आणि लेखी परवानगीशिवाय तो अभयारण्यात नेता येत नाही. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जाताना तो घरी ठेवा. कोरायला लाकूड शेतात आणि अंगणात भरपूर आहे.

लाकूड ओलं असतानाच कोरावं. ओल्या लाकडात पेशींच्या भिंती पाण्याने फुगून मऊ झालेल्या असतात. ओलावा तीसेक टक्क्यांखाली उतरला की भिंती आकसू लागतात, लाकूड कडक होतं. हे आकसणं सारखं नसतं. गाभ्याकडून सालीकडे होतं त्यापेक्षा वर्तुळाच्या घेराच्या दिशेने ते साधारण दुप्पट होतं, म्हणून अख्खी गोल फांदी तडकतेच. फांदी उभी चिरा, मधला गाभ्याचा धागा काढून टाका, मग कोरा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, अर्धवट कोरलेला चमचा पंख्याखाली ठेवला तर सकाळपर्यंत चिरतो. ढलप्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठाशेजारी ठेवावा, म्हणजे ओल हळूहळू सुटते.

चाकू नेहमी जाडाकडून बारकाकडे चालवा. लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी. उतरत्या बाजूने कापलं तर मागच्या नळ्या पुढच्यांना आधार देतात, चढत्या बाजूने गेलं तर धार नळ्यांच्या मधे शिरून लाकूड चिरत नेते. बसताना कोपर गुडघ्यांवर ठेवा आणि काम गुडघ्यांच्या पुढे धरा. मांडीवर ठेवून कधीच कापू नका, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. हात लांब करून फिरवला की जेवढा घेर होतो, त्यात मूल नको.

ओली बाभूळ कोरली की दहा मिनिटांत पातं निळंकाळं पडतं आणि लाकडावरही काळे डाग येतात. घाबरू नका. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, तिची साल कातडं कमावायला वापरतात ती त्यासाठीच. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग होतो, जुनी शाई याच रसायनाची. पातं पुसून तेलाचं बोट फिरवलं की झालं. श्रावणात मात्र रोज पुसा, तांबडा गंज धारच खातो. धार लावायला हजार नंबरचा दगड, नंतर बारीक दगड. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला लागेल अशी बारीक बर, म्हणजे दुमडलेल्या लोखंडाची कड, येते. ती आली की बाजू बदला आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो, लेकरं लाकडी बैल सजवून घेऊन निघतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं इथे सांगतात. यंदा संत्र्याच्या फांदीचा बैल करून पाहा. वशिंड आणि पाठ आधी काढा, पाय शेवटी. पायांत रेषा उभी येईल अशी फांदी धरा, आडवी आली तर पहिल्याच दिवशी पाय मोडतो. शिंगं वेगळ्या काडीची करून भोकात बसवा. काडी पूर्ण वाळलेली आणि बैल अजून किंचित ओला असेल, तर बैल वाळता वाळता तिला घट्ट आवळून धरतो, गोंद लागत नाही.