पुढचं पद कुठून येतं?

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये (२०१८ साली आलेलं पुस्तक) आधी दोन चलांतील रेषीय समीकरणं, मग वर्गसमीकरणं आणि तिसऱ्या प्रकरणात अंकगणिती श्रेढी, म्हणजे दर वेळी तेवढीच भर पडत जाणारी संख्यांची रांग. नववीतच समीकरणांशी ज्यांचं बिनसलं, ती मुलं तिथवर पोचेपर्यंत मागच्या बाकावर सरकलेली असतात. वर्षाचे पहिले तीन-चार तास आवर्ती क्रमिकांना दिले तर हे बरंचसं टळतं, कारण इथे शिरायला बेरीज-गुणाकार येणं पुरतं. प्रकरणांचा क्रम थोडा मोडतो, मोडू द्यावा.

क्रमाने मांडलेल्या संख्या म्हणजे क्रमिका, त्यातली प्रत्येक संख्या एक पद. ज्या क्रमिकेत पुढचं पद आधीच्या पदावरून काढतात ती आवर्ती क्रमिका. पण ही व्याख्या पहिल्या तासाला फळ्यावर नको. त्याऐवजी खराट्याच्या काड्या आणाव्यात. प्रत्येकी साधारण ५ सेंटिमीटरचे तुकडे, दोघांत मिळून ३५. चार काड्यांचा एक चौकोन मांडायचा, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, अशी आगगाडी. शेजारच्या दोन चौकोनांत एक काडी सामाईक, त्यामुळे पहिल्याला ४ काड्या लागतात आणि पुढच्या प्रत्येकाला ३. वहीत ४, ७, १०, १३ अशी नोंद होत जाते आणि दहाव्या चौकोनाला ३१ काड्या होतात. हातात ४ उरतात.

मग विचारायचं: १०० चौकोनांना किती? आता काड्या नाहीत.

वर्गात हमखास चार उत्तरं येतात: ४००, ३१०, ३०४ आणि ३०१. बरोबर कोणतं हे लगेच सांगून टाकू नये, कारण चुकीच्या तिन्ही उत्तरांत शिकवण्यासारखं काहीतरी आहे. ४०० म्हणणारा सामाईक काडी विसरला, ते सगळ्यांच्या लक्षात येतं. ३१० जास्त फसवं आहे. दहाला ३१, म्हणून शंभराला दसपट, असा त्रैराशिकाचा हिशोब त्यामागे असतो. पण दहा चौकोनांच्या दहा आगगाड्या शेजारी शेजारी मांडून पाहा. त्या एकमेकींना जोडताना प्रत्येक सांध्यावर एक काडी काढून घ्यावी लागते. सांधे ९, म्हणून ३१० वजा ९. आणि ३०४? तिथे ४ मध्ये ३ शंभर वेळा मिळवले आहेत. प्रत्यक्षात पहिला चौकोन मिळवणीशिवाय उभा असतो, मिळवणी ९९ वेळाच होते. ४ + ९९ × ३ = ३०१. अंकगणिती श्रेढीच्या सूत्रात ‘न’ऐवजी ‘न वजा एक’ का येतो, याचं उत्तर इथेच मिळतं. सूत्र पाठ करून ते सहसा मिळत नाही.

नियम लिहायची सुरुवात चिन्हांनी करू नये. फळ्यावर दोन चौकटी काढाव्यात, एकीवर ‘आता’, दुसरीवर ‘पुढे’, आणि लिहावं: पुढे = आता + ३, सुरुवात ४. सुरुवात सांगितली नाही तर याच नियमातून ५, ८, ११ निघतं आणि ०, ३, ६ सुद्धा. नियम आणि सुरुवात, दोन्ही मिळून एक क्रमिका. हे ठसवायचं असेल तर मुद्दाम सुरुवात न देता ‘पाचवं पद काढा’ म्हणावं आणि वर्गाला भांडू द्यावं.

दुसऱ्या तासाला चिन्हं: प(१) = ४, आणि प(न) = प(न − १) + ३. इथे एक ठरलेला घोटाळा होतो. कंसातलं ‘न − १’ मुलं ‘पदातून एक वजा’ असं वाचतात आणि १६ च्या पुढचं पद १६ − १ + ३ = १८ काढतात. याला सोपा उतारा आहे: कंसातला आकडा म्हणजे हजेरी क्रमांक, बाहेरची किंमत म्हणजे गुण. प(५) = १६, म्हणजे पाच नंबरच्या मुलाला सोळा गुण. प(न − १) म्हणजे यादीत एक नंबर अलीकडचा मुलगा, त्याच्या गुणांतून काही कापायचं नाही.

कॅल्क्युलेटरही इथे उपयोगी पडतो. बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर ४ + ३ दाबून मग ‘=’ चं बटण दाबत राहिलं की दर वेळी ३ मिळत जातात. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर आधी ४ = करायचं, मग ‘आन्स’ + ३ लिहून ‘=’ दाबत जायचं. ‘आन्स’ म्हणजे आपलं ‘आता’. गुणाकाराच्या वेळी मात्र सावध राहावं. बेरजेत बहुधा दुसरी संख्या धरून ठेवणारी साधी यंत्रं गुणाकारात पुष्कळदा पहिली संख्या धरून ठेवतात. आधी २ आणि ३ घेऊन तपासावं.

दर वेळी तेवढीच भर पडत नाही, हे दाखवायला कर्जाचं उदाहरण सगळ्यात चांगलं. चक्रवाढ व्याज आठवीत झालेलंच असतं. १,००,००० रुपयांचं कर्ज, वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का, हप्ता ८,८८५ रुपये. नियम एका ओळीत: पुढे = आता × १.०१ − ८,८८५. पहिल्या महिन्यानंतर बाकी ९२,११५, दुसऱ्यानंतर ८४,१५१, तिसऱ्यानंतर ७६,१०८. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या रकान्यात १,००,०००, त्याखाली हा नियम, आणि तो बारा ओळी खाली ओढायचा. बाराव्या ओळीत बाकी शून्याच्या दीड रुपया खाली जाते, कारण हप्ता पूर्ण रुपयात वर ओढला आहे. ओळ ओढल्यावर आकडे भलतेच फुगत गेले तर बहुधा १.०१ ऐवजी १.१२ लिहिलेलं असतं, वार्षिक दर मासिक समजून.

आता हप्ता बदलून पाहावा. १,००० केला तर बाकी जागची हलत नाही. महिन्याचं व्याज १,०००, तेवढंच फिटतं, मुद्दल तसंच. ९०० केला तर १,००,१००, मग १,००,२०१, कर्ज वर चढायला लागतं. नियम तोच, फक्त एक आकडा बदलला आणि क्रमिका उतरायची थांबून चढायला लागली. समीकरणांच्या प्रकरणात अशी गंमत क्वचितच हाताला लागते.

याला जोडूनच ‘फ्लॅट’ व्याजदर सांगून टाकावा, व्यवहारात तो फार जणांना चकवतो. फ्लॅट १२ टक्क्यांत वर्षभर मूळ लाखावरच व्याज धरतात: १२,००० रुपये, हप्ता ९,३३३. वरच्या हिशोबात मात्र वर्षाचं व्याज सुमारे ६,६१९ होतं, कारण ते उरलेल्या बाकीवर लागतं. दोन्ही जाहिरातींत आकडा बाराच असतो!

एका पदावरून पुढचं पद काढणं जमलं की दोन पदांकडे वळावं. इथे मराठीच्या तासाला शिकलेल्या मात्रा कामाला येतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? ल ल ल ल, ल ल ग, ल ग ल, ग ल ल, ग ग. पाच प्रकारे. तीन मात्रांना तीन प्रकार, दोनला दोन, एकला एक. पाच मात्रांना किती, हे यादी न करता सांगता येतं. ओळीचं शेवटचं अक्षर लघू असेल तर आधी चार मात्रा असणार, त्याचे ५ प्रकार. गुरू असेल तर आधी तीन, त्याचे ३. एकूण ८. म्हणजे पुढे = आता + त्याआधीचं. १, २, ३, ५, ८, १३, २१.

ही क्रमिका जगभर इटालियन गणिती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा सशांच्या जोड्यांचा हिशोब १२०२ सालचा. छंदशास्त्राच्या अंगाने हाच नियम जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्याला मांडला होता, आणि छंदशास्त्रकार विरहांकाने त्याच्याही काही शतकं आधी. वर्गात मात्र नावांपेक्षा ‘शेवटचं अक्षर कोणतं’ हा प्रश्न महत्त्वाचा. मुलं नमुना बघून ‘मागचे दोन मिळवायचे’ हे पटकन ओळखतात, पण ते का, हे सांगू शकत नाहीत. नुसत्या नमुन्यावर विसंबणं धोक्याचं असतं. १, २, ४ नंतर काय? दुप्पट करत गेलात तर ८. पण गोल भाकरीवर सुरीच्या सरळ कापांनी जास्तीत जास्त तुकडे करायचे असतील तर शून्य, एक, दोन कापांना १, २, ४ तुकडे होतात आणि तिसऱ्या कापाला ७. तिथला नियम ‘आता + कितवा काप’ असा आहे.

चौथ्या तासाला, किंवा घरी करायला, नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’तली (१३५६) गाय द्यावी. एक गाय दर वर्षी एक कालवड देते आणि प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः दर वर्षी एक कालवड देऊ लागते. कोणी मरत नाही. २० वर्षांनी एकूण किती? इथे तीन सुरुवाती लागतात. पहिल्या तीन वर्षांच्या अखेरीस २, ३, ४. त्यानंतर गेल्या वर्षीची सगळी जनावरं आहेतच, आणि यंदा वासरू देणार ती, जी तीन वर्षांपूर्वी कळपात होती. म्हणून यंदा = गेल्या वर्षीचं + तीन वर्षांपूर्वीचं: ४ + २ = ६, ६ + ३ = ९, ९ + ४ = १३, पुढे १९, २८, ४१, दहाव्या वर्षी ६०. विसाव्या ओळीत २,७४५ यायला हवेत. १,८७३ आले तर एक ओळ कमी ओढली, ४,०२३ आले तर एक जास्त.