होमब्रूइंगच्या भांड्यांची सफाई आणि बदली

होमब्रूइंग म्हणजे घरच्या घरी काहीतरी आंबवून पेय बनवणं, मग ती बिअर असो, सफरचंदाच्या रसाची सायडर असो की नावापुरतीच दारू असलेला कोंबुचा (आंबवलेला गोड चहा), आल्याची जिंजर बिअर नाहीतर गाजराची कांजी. त्यासाठी वापरलेली बरणी, नळी, तोटी, बाटली कशी धुवायची, कशी सॅनिटाइज करायची आणि कधी सरळ कबाड्याला द्यायची, एवढाच या नोंदीचा विषय. इंदुरात लायसन्सशिवाय घरी बिअर काढणं कायद्यात बसत नाही, बडोद्याच्या नातेवाइकांकडे तर राज्यभरच दारूबंदी, त्यामुळे इथल्या मराठी घरात हा प्रकार साहजिकच कोंबुचा आणि जिंजर बिअरपर्यंत थांबतो, पण जंतूंना त्याचं काय, गोड पाणी दिसलं की ते हजर.

साफ करणं आणि सॅनिटाइज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे घोळ इथेच होतात. साफ करणं म्हणजे डोळ्याला दिसणारा चिकटा, यीस्टचा गाळ, साखरेचा थर काढणं. सॅनिटाइज करणं म्हणजे त्यानंतर न दिसणारे जंतू त्रास देणार नाहीत इतके कमी करणं. आधी पहिलं, मग दुसरं, उलटं चालत नाही, कारण चिकट्याखाली जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर बनवून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्यावर कितीही महाग सॅनिटायझर ओता, ते वरून वाहून जातं. बिअरवाले याचा सोपा हिशोब ठेवतात: उकळायच्या आधी वापरलेलं भांडं नुसतं स्वच्छ असलं तरी चालतं, पण उकळलेलं गार झाल्यावर त्याला जे जे लागेल ते सगळं सॅनिटाइज पाहिजे, थर्मामीटर आणि पळीसकट.

आपल्याकडे लोणच्याची बरणी धुऊन, कडक उन्हात वाळवून, हिंगाची धुरी देऊन घ्यायची पद्धत आहे आणि खूप जणांना वाटतं तेवढं इथेही पुरेल. नाही पुरत. लोणच्याला मीठ, तेल आणि कोरडेपणा सांभाळतो, इथे तर साखरेचं पाणी आणि आठवडाभर उबदार कोपरा. बिअरमधे निदान हॉप्स (तिला कडवटपणा देणारी फुलं), अल्कोहोल आणि ४ ते ४.५ पीएच म्हणजे बऱ्यापैकी आंबटपणा असल्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत, पण चव बिघडवणारे धरतात: लॅक्टोबॅसिलस आंबट करतो, पेडिओकॉकस लोण्यासारखा वास आणतो, अ‍ॅसिटोबॅक्टर हवा मिळाली की व्हिनेगर करून टाकतो आणि ब्रेटानोमायसिस हे जंगली यीस्ट घोड्याच्या तबेल्याची आठवण करून देतं. गंमत म्हणजे यातला अ‍ॅसिटोबॅक्टर बिअरमधे चोर आणि कोंबुच्यात घरचाच माणूस. बिअर नासते ती जंतूंमुळे हे लुई पाश्चरनं १८७६ सालच्या पुस्तकात मांडलं आणि १८८३ मधे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्यात एमिल हान्सननं शुद्ध यीस्ट वेगळं करून दाखवलं, तिथपासून बिअर बनवणारे लोक सफाईच्या मागे लागले.

धुवायला सोडियम परकार्बोनेट चांगलं, गरम पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, रात्रभर भिजवून ठेवलं की घासायची फारशी गरज राहत नाही. भांड्यांचा वासवाला साबण शक्यतो नको, प्लास्टिकला वास राहतो. सॅनिटाइज करायला बाहेरदेशी फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं सॅनिटायझर चालतं, ते लावल्यावर भांडं पुन्हा पाण्यानं धुवायचं नसतं, एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की काम होतं आणि फेस राहिला तरी चालतो. पण ते बोरिंगच्या जड पाण्यात कालवलं तर दुधाळ होतं आणि लवकर निकामी होतं, तेव्हा एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी त्यासाठी भरून ठेवा नाहीतर आरओचं घ्या. काहीच नसेल तर दहा मिनिटं खळखळून उकळा, मात्र गार काचेत एकदम उकळतं पाणी ओतलं तर बरणी तडकणारच. ब्लीच स्वस्त पडतं पण स्टीलला टोचे पाडतं, नीट धुतलं नाही तर पेयाला दवाखान्यासारखा वास येतो आणि व्हिनेगरबरोबर तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, ही मस्करी नाही.

बदलायचं काय? पहिलं प्लास्टिक. तारेच्या घासणीनं एकदा जरी बादली घासली तरी आत बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यात बसलेला जंतू ना ब्रशला सापडतो ना सॅनिटायझरला, तेव्हा नखाला चरा लागला की ती बादली पोछ्याला काढा. नळ्या पांढुरक्या झाल्या, आतून चिकट वाटल्या की बदला, नळी काही फार महाग नसते आणि तिच्यापायी पाच लिटर फेकण्यात अक्कल नाही. तोटी मात्र सगळे विसरतात: आमच्याकडे लागोपाठ तीन वेळा जिंजर बिअर आंबट झाली, बरणी बदलली, साखर बदलली, शेवटी तोटी पूर्ण उघडली तर रबरी रिंगमागे तपकिरी गाळ, वास तर विचारूच नका. तोटी दर वेळी खोलून धुवायची, रिंग आणि फ्लिप-टॉप (तारेच्या कडीनं झाकण बसणाऱ्या) बाटल्यांची गॅस्केट म्हणजे झाकणाची रबरी चकती कडक झाली की नवी टाकायची. बाटलीत जंगली यीस्ट शिरलं तर ते उरलेली साखर खात राहतं, गॅस वाढतो आणि बाटली फुटते, म्हणून कबाड्याकडच्या बाटल्या उजेडात धरून तळाला सुकलेल्या गाळाची कड किंवा तडा नाही ना ते बघूनच घ्या. काच आणि चांगलं स्टील वर्षानुवर्षं टिकतं. बर्तन बाजारातून पितळेचा सुंदर डबा आणायचा मोह होईल, पण ताक पितळेत कळकतं तसाच कोंबुचाही कळकतो, आणि जुन्या रंगीत चिनी मातीच्या बरणीच्या झिलईत शिसं असू शकतं.

इंदुरात पावसाळा सगळ्यात वाईट, भांडी वाळत नाहीत आणि फळमाश्या येतात, त्यांच्या पायाला लागूनच अ‍ॅसिटोबॅक्टर येतो, म्हणून विरळ जाळीऐवजी घट्ट विणीचं कापड रबरबँडनं बांधायचं आणि तेही दर खेपेला उकळून. कोंबुच्यावर वरून हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर चमच्यानं काढून पुढं जायचं नाही, स्कोबीसकट (कोंबुचा आंबवणारी यीस्ट आणि जंतूंची जाड साय) सगळं फेका, कापड फेका, प्लास्टिकचं असेल तर भांडंही.