आयएसओ वाढवल्यामुळेच दाणे येतात का? एक खुलासा

छायाचित्रण शिकू लागलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: आयएसओ (फोटो किती उजळ करायचा हे ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) १०० च्या वर नेऊ नका, नाहीतर फोटोत दाणे, म्हणजे बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा, येतील. दाणे दिसतात हे खरे. दोष मात्र भलत्याच्याच माथी मारला जातो.

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलावर, किती प्रकाश पडणार हे दृश्यातला उजेड, अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) आणि शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येतो) ठरवतात; आयएसओ केवळ त्यातून मिळालेला संकेत वाढवतो. प्रकाश कणाकणाने येत असल्यामुळे तो जितका कमी, तितकी त्यातली अनियमितता ठळक होते, आणि तीच आपल्याला दाण्यांच्या रूपात दिसते. आयएसओ वाढवावा लागतो तोही उजेड अपुरा असतो म्हणूनच, त्यामुळे दोन्ही गोष्टी नेहमी सोबत आढळतात आणि गैरसमज पक्का होतो.

संध्याकाळी खोलीत खेळणारे मूल घ्या. अ‍ॅपर्चर एफ २.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ १६०० ला चित्र नीट उजळते, असे समजू. हट्टाने १०० वर राहिल्यास शटर १/८ सेकंदावर आणावे लागते आणि हलणारा हात पुसट फराट्यासारखा उमटतो. शटर १/१२५ वरच ठेवून आलेला काळपट फोटो नंतर संगणकावर उजळवला, तर सावल्यांत दाणे जवळपास तितकेच, कित्येक कॅमेऱ्यांत थोडे अधिकच, दिसतात.

कॅमेरा तिपाईवर आणि विषय स्थिर असेल, तेव्हा मात्र १००च योग्य, कारण शटर हवे तेवढे उघडे ठेवता येते. शिवाय आयएसओ वाढवला की उजळ भाग लवकर पांढरेफटक पडतात. ही त्याची खरी अडचण, जिच्याबद्दल फारसे कोणी बजावत नाही.