पगार वाढला, पण कोर्समुळे वाढला का?

कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनांचा गाजावाजा दोन आकड्यांवर होतो: प्रमाणपत्रं किती दिली आणि नोकऱ्या किती लागल्या. मुलांच्या हातात पडणारा पगार प्रशिक्षणामुळे वाढला का, हा प्रश्न मागेच राहतो. गरीब घरचा पोरगा शिकायला बसतो तेव्हा तेवढ्या महिन्यांची मजुरी बुडते, म्हणून मला हाच प्रश्न मोठा वाटतो.

तो अवघड का आहे, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतात. ऑर्डरी आटल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ठेकेदाराकडची पोरं घरी बसतात. फेटलिंगला, म्हणजे ओतकामाचे तुकडे घासून साफ करायला, ग्राइंडर धरणारा एखादा पोरगा याच रिकाम्या दिवसांत सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, कोर्सला नाव घालतो. कोर्स संपेपर्यंत ऑर्डरी परत येतात, दुसरी पाळी सुरू होते. कोर्सआधीचा आणि नंतरचा पगार शेजारी मांडला तर वाढ डोळ्यांत भरते. पण तो कोर्सला गेला नसता तरी त्यातली बरीचशी वाढ त्याला मिळालीच असती.

नेमकी हीच गोष्ट अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी 1978 साली आकड्यांतून दाखवली. तिथल्या 1962 च्या प्रशिक्षण कायद्याखाली शिकलेल्यांची कमाई प्रवेशाच्या तोंडावरच घसरलेली होती. या घसरणीला अर्थशास्त्रात आजही त्यांच्या नावानं ओळखतात.

मग तुलना करायची कुणाशी? 1975 ते 1979 दरम्यान तिथे एक प्रयोग झाला. शाळा सोडलेले तरुण, तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडू पाहणारे आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या आया अशा अर्जदारांतून, कामाचा अनुभव देणाऱ्या एका योजनेसाठी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली गेली. ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांची कमाई तुलनेसाठी नोंदली गेली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लालोंड यांनी 1986 मध्ये हीच माहिती घेतली, पण नंबर न लागलेल्यांच्या जागी देशव्यापी पाहण्यांतले लोक ठेवून प्रचलित संख्याशास्त्रीय पद्धतींनी हिशेब केला. प्रयोगातल्या उत्तरापासून ही उत्तरं कुठल्या कुठे गेली. काही पद्धतींनी तर प्रशिक्षणानं नुकसान झाल्याचं दाखवलं. आपल्याच क्षेत्रातली हत्यारं अशी उघड्यावर तपासायला धाडस लागतं. सोडतीच्या पद्धतीला खरं वजन आलं ते यानंतर.

त्या पद्धतीनं कटू उत्तरंही दिली. 1982 च्या अमेरिकी कायद्याखालच्या प्रशिक्षणाचा प्रौढ बायकांना फायदा झाला, शाळेबाहेरच्या तरुणांची कमाई मात्र वाढली नाही. पुढे तरुणांच्या निधीला मोठी कात्री लागली. जॉब कोअर ही तरुणांसाठीची अमेरिकेतलीच निवासी प्रशिक्षण योजना त्याहून महाग. तिच्या अभ्यासात 1994 पासून सुमारे 6,000 अर्जदारांना तीन वर्षं प्रवेश नाकारला गेला. चौथ्या वर्षी शिकलेल्यांची कमाई सुमारे 12 टक्के जास्त होती. नंतर हा फरक विरत गेला, टिकला तो प्रवेशावेळी 20 ते 24 वयाच्या मुलामुलींमध्ये. कोलंबियात तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत काम अशी रचना होती. तिथे मुलींचा पगार सुमारे 20 टक्क्यांनी वाढला.

आपल्याकडे आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून आहे, अ‍ॅप्रेंटिस कायदा 1961 चा, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 ची. 2024 मध्ये राज्यानं बारावी पास मुलांना दरमहा 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन देणारी कार्य प्रशिक्षण योजना आणली. पैसा कमी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त येतील तिथे सोडत काढता येते. आरटीईच्या शाळाप्रवेशामुळे ती पालकांना पाठ आहे. नंबर न लागलेल्यांचीही कमाई दोन-तीन वर्षं नोंदवायची, एवढंच वरचं काम. पीएफच्या नोंदीतून काही कळेल, पण ठेकेदाराच्या हजेरीवरचा पोरगा त्या नोंदीत बऱ्याचदा नसतोच, आणि गडहिंग्लजची शिकलेली मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली की तिचा फोन नंबरही बदलतो. त्यांच्यासाठी घरोघर जाऊन विचारणारी माणसं लागतील आणि त्यांच्या पगाराची तरतूद योजनेच्या पहिल्याच अंदाजपत्रकात करावी लागेल.