वैवाहिक हिंसाचार : तौलनिक कायदा

पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याचा केलेला शारीरिक, लैंगिक, मानसिक वा आर्थिक छळ. ही व्यापक व्याख्या अलीकडची आहे. जुन्या कायद्यांपुढे प्रश्न असे तो पत्नीला 'शासन' करण्याच्या पतीच्या अधिकाराचा.

अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारण्याची मुभा इंग्लंडच्या कॉमन लॉने (न्यायनिर्णयांतून घडलेल्या कायद्याने) दिली होती, असे सर्रास सांगितले जाते व हे मत न्यायमूर्ती फ्रान्सिस बुलर यांच्या नावावर मांडले जाते. बुलर यांचा असा निकाल मात्र मिळत नाही. 1782 च्या सुमारास जेम्स गिलरे यांच्या व्यंगचित्राने ही गोष्ट रूढ केली असावी. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोन (1765) सौम्य शिक्षेचा जुना अधिकार नोंदवतात, पण सतराव्या शतकातील राजा दुसऱ्या चार्ल्सच्या काळात त्याविषयी शंका घेतली जाऊ लागल्याचेही सांगतात. अंगठ्याच्या मापाचा उल्लेख त्यांच्याकडे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या 1641 च्या संहितेने तर स्वसंरक्षणाखेरीज पत्नीला मारण्यास मनाई केली होती. 1868 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने लावलेले अंगठ्याचे माप नाकारले. तरी किरकोळ घरगुती भांडणांत पडायचे नाही, या कारणाने पतीची सुटका कायम ठेवली. अधिकार गेला, पण घराच्या खाजगीपणाचा आडोसा उरला, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

आधुनिक कायद्यांतील मुख्य भेद घराबाहेर कोणी जायचे, यावर दिसतो. ऑस्ट्रियात 1997 पासून पोलीस हिंसा करणाऱ्याला तात्काळ घराबाहेर काढू शकतात. भारतात 2005 चा घरगुती हिंसाचारविरोधी अधिनियम (अंमल 26 ऑक्टोबर 2006) दिवाणी स्वरूपाचे संरक्षण व सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. संरक्षण आदेशाचा भंग मात्र गुन्हा ठरतो. दाद स्त्रीलाच मागता येते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादी 'प्रौढ पुरुष'च असावा ही अट रद्द केली. याशिवाय क्रूरतेचे फौजदारी कलम (1983 चे भारतीय दंड संहितेतील 498 अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85) वेगळे आहे. इंग्लंडमध्ये जवळच्या संबंधांतील व्यक्तीवर धाक व नियंत्रण ठेवण्याचे सततचे वर्तन 2015 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. स्पेनच्या 2004 च्या कायद्याने पुरुषाने पत्नीवर वा जोडीदार स्त्रीवर केलेल्या काही कृत्यांना अधिक शिक्षा ठेवली. 2008 मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती वैध मानली. रशियाने उलट वाट धरली: 2017 पासून गंभीर इजा नसलेली पहिली मारहाण केवळ प्रशासकीय अपराध आहे.

पत्नीवरील बलात्कार गुन्हा न मानण्याची इंग्लंडमधील पतीची सूट 1991 मध्ये न्यायनिर्णयानेच संपली. भारतात पत्नी 18 वर्षांखालील नसल्यास ती कायम आहे.