आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी शासकीय निधी: नागपूर जिल्ह्यात प्रस्ताव कोणी, कुठे आणि कसा द्यावा

पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठायचे, हे गावात सगळ्यांना माहीत असते. पूर येण्याआधी बोट, भोंगा, वीज अटकाव यंत्रणा किंवा अरुंद सांडवा रुंद करण्यासाठी पैसे कुठून मागायचे, हे मात्र सरपंच आणि मुख्याधिकाऱ्यांनाही नीट ठाऊक नसते. मग मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत तोंडी मागणी होते, इतिवृत्तात एक ओळ येते आणि विषय तिथेच संपतो. या निधीची वाट वेगळी आहे. पैसे खरेदीच्या यादीला मिळत नाहीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात नोंदलेला धोका आणि तो कमी करणारे काम यांचा संबंध कागदावर दिसला, तरच मिळतात. पुढची सगळी प्रक्रिया या एका गोष्टीभोवती फिरते.

पैसा कोणत्या खात्यातला

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४८ नुसार राज्यात प्रतिसाद निधी आणि सौम्यीकरण (म्हणजे धोका आधीच कमी करण्याचा) निधी असे दोन वेगळे निधी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी घालून दिलेल्या चौकटीत दर १०० रुपयांपैकी ८० प्रतिसाद निधीत आणि २० सौम्यीकरण निधीत जातात. प्रतिसादाच्या ८० मध्ये मदत व बचावासाठी ४०, पुनर्बांधणीसाठी ३० आणि पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी १० असे भाग आहेत. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५ टक्के. प्रतिसाद निधीच्या तीन भागांत थोडी फिरवाफिरव करता येते, पण प्रतिसाद आणि सौम्यीकरण यांच्यात रक्कम इकडची तिकडे करता येत नाही.

म्हणून पहिला निर्णय शीर्षाचा, म्हणजे पैसे कोणत्या भागातून मागायचे याचा. बचाव साहित्य, प्रशिक्षण, नियंत्रण कक्ष आणि रंगीत तालीम हे पूर्वतयारीत बसते. धोकाच कमी करणारे छोटे, स्थानिक काम सौम्यीकरणात बसते. दोन्ही एकाच प्रस्तावात कोंबले की तो परत येतो आणि अर्धे वर्ष जाते. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून धरला जातो, त्यामुळे प्रस्तावात लागू वर्षाच्याच शासन निर्णयाचा क्रमांक टाका, जुन्या प्रस्तावातली टक्केवारी उतरवू नका.

सौम्यीकरण निधीतून काय मिळत नाही, तेही आधीच समजून घ्यावे. नेहमीची देखभाल-दुरुस्ती नाही. दुसऱ्या योजनेतून मंजूर झालेले काम नाही. मोठे पूरसंरक्षक बंधारे किंवा दुष्काळ निवारणाची मोठी कामे नाहीत, ती संबंधित विभागाच्या नियमित योजनांतून होतात. नागपुरात सर्वाधिक चुकणारी मागणी म्हणजे नालेसफाई. दरवर्षी पावसाळ्याआधी नाला साफ करणे हे स्थानिक संस्थेचे रोजचे काम आहे. त्यासाठी या निधीतून पैसे मिळणार नाहीत, शब्द कितीही बदलले तरी. रामटेक, भिवापूर, कुही भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचेही तसेच. पाळीवरची झुडपे काढणे आणि गळती बुजवणे ही दुरुस्ती झाली. सांडव्याची वहनक्षमता वाढवणे हे धोका कमी करणारे काम आहे. दोन्हीची गरज असेल तर अंदाजपत्रके वेगळी करा आणि दुरुस्तीचा भाग जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा जिल्हा परिषदेच्या निधीतून मागा.

अर्ज कोण करू शकते

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका आणि शासकीय विभागांची जिल्हा कार्यालये. नागरिक, गृहनिर्माण संस्था, गणेश मंडळ किंवा स्वयंसेवी संस्था यांना थेट प्रस्ताव देता येत नाही. त्यांनी वॉर्ड किंवा ग्रामसभेत मागणी मांडून ती स्थानिक संस्थेच्या प्रस्तावात आणायची. याला दुय्यम समजू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. कोणत्या गल्लीत पाणी किती फूट चढले आणि किती वेळ थांबले, याची खरी माहिती तिथल्या रहिवाशांकडेच आहे. तारखेसह फोटो आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे माप संस्थेला दिले, तर प्रस्तावाचे वजन वाढते.

ग्रामीण भागाचा प्रस्ताव गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्यामार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, जिल्हा परिषद अध्यक्ष सहअध्यक्ष. रोजचे काम सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष पाहतो. शहराचा प्रस्ताव झोन कार्यालयातून मनपा मुख्यालयात जातो. अधिनियमाच्या २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. त्याचे अध्यक्ष आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी.

आराखडा आधी, मागणी नंतर

कलम ३१ नुसार जिल्हा आराखडा दरवर्षी अद्ययावत करायचा असतो. कलम ३२ नुसार स्थानिक संस्थेचाही स्वतःचा आराखडा हवा. बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात. ग्रामपंचायतीचा आराखडा चार वर्षांपूर्वीचा असतो, त्यातले फोन नंबर बदली झालेल्या कर्मचाऱ्यांचे असतात आणि ज्या धोक्यासाठी पैसे मागितले त्याचा त्यात उल्लेखच नसतो. तपासणारा अधिकारी पहिल्याच पानावर थांबतो.

आराखड्यात धोका लिहिताना सरासरी आकडे देऊ नका. तालुक्याची सरासरी ४० मिलिमीटर दिसते, पण एका मंडळात १२० पडलेला असतो. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद घ्या. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलेले दिवस वर्षनिहाय मांडा. प्रादेशिक हवामान केंद्र नागपुरातच आहे, जुन्या नोंदींसाठी तिथे रीतसर अर्ज करता येतो. इतिहासही लिहा. नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात २०४ माणसे गेली. त्या पट्ट्यातल्या गावाच्या आराखड्यात हा पूर नसेल, तर आराखडा कार्यालयात बसून लिहिला हे लगेच कळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच आणि कन्हानला आलेल्या पुराने पारशिवनी, कामठी, मौदा आणि कुहीतल्या गावांचे जे झाले, त्याचे पंचनामे तहसीलमध्ये आहेत. गोषवारा मागून घ्या. उन्हाळा विसरू नका, विदर्भात उष्माघाताचा बंदोबस्त हा आराखड्याचा तितकाच मोठा भाग आहे.

नकाशावर निळी आणि लाल पूररेषा दाखवा. निळी २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. ती जलसंपदा विभाग आखतो. प्रस्तावित निवारा किंवा साहित्याची खोली निळ्या रेषेच्या आत आली तर प्रस्ताव तिथेच बाद होतो, आणि ते योग्यच आहे. बोट ठेवायची खोली सर्वात आधी पाण्यात जाणार असेल तर ती कोणाच्या कामाची?

जोडायची कागदपत्रे

- ग्रामसभेचा किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. उपस्थितीच्या सह्यांची प्रत सोबत हवी.
- अद्ययावत आराखडा आणि त्यातल्या संबंधित पानाचा स्पष्ट उल्लेख.
- अक्षांश-रेखांशासह जागेचे फोटो, नकाशा, पूररेषेचा उतारा.
- सक्षम अभियंत्याने चालू दरसूचीवर केलेले अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता. दरसूचीत नसलेल्या साहित्यासाठी शासकीय खरेदीच्या जेम पोर्टलवरचे दर किंवा तीन दरपत्रके.
- जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि जागा दुसऱ्या विभागाची असेल तर ना-हरकत.
- हे काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नाही, असा दाखला.
- देखभालीचा खर्च कोण उचलणार, याचे हमीपत्र.
- याच शीर्षाखाली आधी निधी घेतला असेल तर त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र.

जागेचा मुद्दा नागपूर विभागात विशेष जपावा लागतो. ग्रामपंचायतीला मोकळी दिसणारी जमीन अनेकदा महसूल नोंदीत झुडपी जंगल असते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वन म्हणूनच धरल्या जातील असे स्पष्ट केले. तिथे निवारा किंवा भोंग्याचा मनोरा उभारायचा तर वन संरक्षण कायद्याखालची परवानगी लागते आणि त्याला वेळ लागतो. अंदाजपत्रक करण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि जुनी नोंद तलाठ्याकडून तपासून घ्या. शक्य तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपराचा वापर करा.

साहित्याची यादी करताना

एक रबरी बोट लिहून भागत नाही. बोटीसोबत बाहेरून लावायचे इंजिन, वल्ही, हवा भरायचा पंप, फाटल्यास जोडायचे साहित्य, जितकी आसने तितकी जीवनरक्षक जाकिटे आणि लहान मुलांच्या मापाची वेगळी, फेकायचे दोर, इंधनाची तरतूद आणि वार्षिक सर्व्हिसिंग. चालवणारी किमान दोन माणसे नावानिशी लिहा आणि त्यांचे प्रशिक्षण कुठे होणार तेही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी दोन्ही नागपुरात आहेत, त्यामुळे प्रशिक्षणाची सोय नाही ही सबब इथे चालत नाही. गुंडाळून ठेवलेली रबरी बोट उंदीर कुरतडतात आणि इंजिन वर्षभर न चालवल्याने जाम होते. ठेवायची जागा आणि दर महिन्याला इंजिन सुरू करण्याची नोंदवही हे दोन मुद्दे प्रस्तावात असले की तपासणाऱ्याला विश्वास वाटतो.

वीज अटकाव यंत्रणेत फसवणूक जास्त होते. ‘एक यंत्र, १०० मीटर त्रिज्येत संपूर्ण संरक्षण’ असे सांगणारी दरपत्रके येतात. भारतीय मानक आयएस/आयईसी ६२३०५ अशा विस्तारित त्रिज्येचा दावा मान्य करत नाही. ती यंत्रणा ज्या इमारतीवर बसते तिला आणि लगतच्या थोड्या भागाला जपते, शेतात काम करणाऱ्यांना नाही. त्यांच्यासाठी वेळेवर इशारा आणि जवळचे पक्के छप्पर हाच उपाय, म्हणून वीज पडण्याचा इशारा देणारे दामिनी अॅप आणि भोंग्याची साखळी प्रस्तावात जोडा. भूसंपर्काचा रोध १० ओहमपेक्षा कमी असल्याचा मोजणी अहवाल ही देयकाची अट ठेवा आणि ती मोजणी उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना करून घ्या. पावसाळ्यात मोजलेला आकडा नेहमी चांगलाच दिसतो.

भोंग्याला बॅटरी हवी. पुराच्या रात्री वीज सर्वात आधी जाते. तोतलाडोह, नवेगाव खैरी धरणांतून विसर्ग वाढला की निरोप कोणाकडून कोणाला, किती मिनिटांत आणि भोंगा कोण वाजवणार, हे तक्त्यात लिहा. एका माणसाच्या नावापुढे दुसरे पर्यायी नाव असलेच पाहिजे.

नगरपरिषदांना अग्निशमनाचे बंब आणि केंद्रे हवी असतील तर ती वेगळी वाट आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी केंद्राची २०२५-२६ पर्यंतची ५,००० कोटींची योजना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीच्या पूर्वतयारी भागातून आहे, तिची मागणी राज्याच्या अग्निशमन संचालनालयामार्फत जाते.

वेळापत्रक आणि मंजुरी

प्रस्ताव दिवाळीच्या आसपास तयार हवा. जिल्हा प्राधिकरणाच्या बैठकीत तो मान्य झाला की विभागीय आयुक्तांमार्फत मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो. राज्य स्तरावर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य कार्यकारी समिती निर्णय घेते. नंतर प्रशासकीय मान्यता, राज्याच्या बीम्स या संगणक प्रणालीवर निधी वितरण, मग निविदा. फेब्रुवारीत दिलेला प्रस्ताव ३१ मार्चपर्यंत खर्ची पडत नाही, आणि मध्येच स्थानिक निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी निविदा थांबते. छोट्या गरजा, म्हणजे दोर, टॉर्च, प्राथमिक उपचार पेट्या, गावाच्या विकास आराखड्यात घालून वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) अनुदानातून भागवाव्यात. त्यासाठी मंत्रालयापर्यंत जायचे कारण नाही.

आवक क्रमांक घ्या आणि साधारण तीन आठवड्यांनी कक्षात जाऊन त्रुटी लागल्या का ते विचारा. त्रुटीचे पत्र पंचायत समितीत पडून राहते आणि ग्रामसेवकाला कळतही नाही, हे फार होते.

काम झाल्यावर साहित्य साठा नोंदवहीत घ्या, कामाआधीचे आणि नंतरचे अक्षांश-रेखांशासह फोटो जोडा, उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्या. साहित्याची नोंद भारत आपत्ती संसाधन जाळ्याच्या (आयडीआरएन) पोर्टलवर जिल्हा कक्षामार्फत करून घ्या, म्हणजे शेजारच्या तालुक्याला गरज पडली तर बोट कुठे आहे हे दिसेल. पहिली रंगीत तालीम १५ जूनच्या आत घ्या आणि तिचा अहवाल, लागलेल्या वेळेसह, पुढच्या वर्षीच्या आराखड्याला जोडा. पुढचा प्रस्ताव तपासताना तोच अहवाल आधी मागितला जातो.