सगळ्यांना माहीत तेच बोललं जातं

टेबलावर चार पत्ते आहेत: 'अ', 'क', 4 आणि 7. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एकीकडे स्वर असेल तर दुसरीकडे सम संख्याच हवी. नियम पाळला गेलाय का, हे तपासायला नेमके कोणते पत्ते उलटाल?

बहुतेक जण 'अ' आणि 4 म्हणतात. मीही तेच म्हटलं होतं, आणि ठामपणे. पण 4 च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. 7 च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. म्हणून उत्तर 'अ' आणि 7. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं हे 1966 चं कोडं. 1998 मध्ये मोशमन आणि गाइल या संशोधकांनी ते अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना घातलं. एकेकट्यांपैकी 9 टक्क्यांना जमलं. पाच-सहा जणांनी चर्चा करून सोडवलं तेव्हा 75 टक्के गटांना.

हात वर करून बहुमत घेतलं असतं तर बरोबर उत्तर हरलंच असतं. इथे ते जिंकलं, कारण कुणीतरी "4 कशाला?" असं विचारलं आणि दुसऱ्याला कारण देता आलं नाही. स्वतःच्या युक्तिवादातली भोकं आपल्याला सहसा दिसत नाहीत, समोरच्याच्या चटकन दिसतात. एरवी हा दुर्गुणच, पण चर्चेत तोच कामाला येतो.

मग बैठका इतक्या वेळा फसतात का? पत्त्यांच्या कोड्यात सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असते. खऱ्या प्रश्नांत ती विखुरलेली असते: थोडी याच्याकडे, थोडी तिच्याकडे. 1985 मध्ये स्टासर आणि टायटस यांनी चार-चार जणांच्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. सगळी माहिती प्रत्येकाला दिली, तेव्हा पाचातल्या चारांहून अधिक गटांनी सर्वांत योग्य उमेदवार निवडला. तीच माहिती वाटून दिली, म्हणजे त्याचे बरेचसे गुण एकेकालाच ठाऊक राहिले, तेव्हा चौथा हिस्सा गटांनाही तो सापडला नाही. चौघांची माहिती एकत्र केली असती तर उत्तर समोरच होतं. ती एकत्र झालीच नाही.

यात कुणाचा लबाडपणा नाही, निम्मं काम साधं गणितच करतं. समजा, एखादी गोष्ट ठाऊक असलेला माणूस ती बोलून दाखवण्याची शक्यता निम्मी आहे. ती एकालाच ठाऊक असेल तर चर्चेत येण्याची शक्यता 50 टक्के. चौघांना ठाऊक असेल तर चौघंही गप्प राहिले तरच ती बुडणार, आणि तशी शक्यता 16 त एक. म्हणजे ती जवळजवळ 94 टक्के वेळा येणारच. शिवाय सगळ्यांना ठाऊक असलेलं बोललं की माना डोलतात आणि बोलणाऱ्यालाही हुरूप येतो. वेगळं सांगणाऱ्याकडे मात्र "हे कुठून काढलंस?" अशा नजरेने पाहिलं जातं. तो पुढच्या वेळी गप्प बसतो.

यावरचे उपाय अगदीच साधे आहेत. तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपल्याकडची माहिती लिहून काढावी, आणि कल विचारण्याची घाई करू नये. ज्येष्ठांनी शेवटी बोलावं. हे सांगायला सोपं, ज्येष्ठांना अवघड.

गट लहान असला तरी चालतो. ब्यूनोस आयर्समधल्या एका कार्यक्रमात 5,180 जणांना आयफेल टॉवरच्या उंचीसारखे प्रश्न विचारले गेले. आधी एकेकट्याने अंदाज बांधायचा, मग पाच-पाच जणांनी चर्चा करून एक आकडा ठरवायचा. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अशा अवघ्या चार गटांच्या उत्तरांची सरासरी हजारोंच्या एकत्रित सरासरीपेक्षा सत्याच्या जवळ गेली. आकडा कसा ठरवला असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी सांगितलं, की सरासरी काढली नाही, एकमेकांची कारणं ऐकली.